नोडल अ‍ॅनालिसिस: दोन नोड आणि उलटा जाणारा करंट

नोडल अ‍ॅनालिसिसमध्ये (सर्किटमधल्या प्रत्येक जोडबिंदूचा, म्हणजे नोडचा, व्होल्टेज समीकरणांनी काढायची पद्धत) मार्क जातात ते बहुतेक प्लस-मायनसमध्ये. आधी करंटच्या दिशेचा अंदाज बांधायचा, बाण काढायचे आणि समीकरण लिहिताना त्यातला एक उलटा धरायचा. हा उद्योगच नको. ज्या नोडचं समीकरण लिहिताय, तिथून सगळे करंट बाहेर जाताहेत असं समजा. त्या नोडचा व्होल्टेज आधी, समोरचा वजा, खाली रेझिस्टर. सगळ्यांची बेरीज शून्य. खरी दिशा उत्तरातून कळतेच.

हे सर्किट घ्या. १२ व्होल्टच्या सप्लायपासून १ के (किलोओहम) मधून नोड 'अ'. अ पासून ग्राउंडला २.२ के. अ आणि ब यांच्यामध्ये १ के. ब पासून २.२ के मधून ५ व्होल्टचा सप्लाय. दोन्ही सप्लायचे निगेटिव्ह ग्राउंडला. सोर्स दोन असल्यामुळे नुसत्या सिरीज-पॅरलल बेरजांनी हे सुटत नाही. समीकरणांत अ आणि ब म्हणजे त्या नोडचे व्होल्टेज, ग्राउंड शून्य.

(अ − १२)/१ + अ/२.२ + (अ − ब)/१ = ०
(ब − अ)/१ + (ब − ५)/२.२ = ०

रेझिस्टर किलोओहममध्ये ठेवले की करंट मिलिअ‍ॅम्पमध्ये येतो. मध्येच कुठे २२०० लिहिलंत की संपलं. दोन्ही समीकरणांना २.२ ने गुणा:

५.४ अ − २.२ ब = २६.४
−२.२ अ + ३.२ ब = ५

सोडवायच्या आधी इथे जरा थांबा. पहिल्यात ब चा सहगुणक −२.२, दुसऱ्यात अ चाही −२.२. डिपेंडंट सोर्स (सर्किटमधल्याच दुसऱ्या व्होल्टेजवर किंवा करंटवर अवलंबून असणारा) नसेल आणि दोन्ही समीकरणांना एकाच आकड्याने गुणलं असेल, तर हे दोन सारखे यायलाच हवेत. नसतील तर पुढे जाऊ नका, चूक वरच आहे. ही दहा सेकंदांची तपासणी परीक्षेत फारसं कुणी करत नाही, हे नवलच.

अ = ७.६७५ व्होल्ट, ब = ६.८३९ व्होल्ट. ताळा: १२ कडून ४.३२५ मिलिअ‍ॅम्प येतो, ३.४८९ ग्राउंडला जातो, ०.८३६ ब कडे. जुळलं.

आता ब कडे नीट बघा. तो ५ पेक्षा जास्त आहे, म्हणजे ५ व्होल्टच्या सप्लायमध्ये करंट आत शिरतोय. कागदावरचा सोर्स तो निमूट घेतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) मात्र करंट द्यायला बनवलाय, घ्यायला नाही. ०.८ मिलिअ‍ॅम्पला कदाचित काही जाणवणार नाही, पण तेच सर्किट १०० आणि २२० ओहमवर बांधलंत तर ८.४ मिलिअ‍ॅम्प परत येतो, आउटपुट ५ च्या वर सरकतं आणि मग 'थिअरी चुकली' म्हणून ओरड. ७८०५ च्या आउटपुटपासून ग्राउंडला ४७० ओहम लावा. तो साडेदहा मिलिअ‍ॅम्प ओढतो, त्यामुळे रेग्युलेटर कायम देण्याच्याच बाजूला राहतो. आणि हो, अ पासून ग्राउंडला जाणाऱ्या त्या २२० मध्ये ०.२७ वॅट जळतो, तिथे पाव वॅटचा चालणार नाही, अर्धा वॅट घ्या. सोनेरी पट्टीचे, म्हणजे ५ टक्क्यांचे रेझिस्टर असतील तर मीटरवर दशांश-दोन दशांश व्होल्टचा फरक पडणारच.

सुपरनोडची भीती उगाच आहे: दोन नोडच्या मध्ये थेट व्होल्टेज सोर्स असेल, तर ते दोन्ही मिळून एकच नोड धरायचा, एवढंच. अ-ब मधला १ के काढून तिथे ३ व्होल्टचा सोर्स टाका, प्लस अ कडे. त्या फांदीत रेझिस्टरच नाही, त्यामुळे भागायला काही उरत नाही. मग दोन्ही नोडभोवती एकच वेढा काढा आणि वेढ्याबाहेर जाणारे करंट तेवढे मोजा:

(अ − १२)/१ + अ/२.२ + (ब − ५)/२.२ = ०
अ − ब = ३

दुसरी ओळ विसरली की अज्ञात दोन आणि समीकरण एक. अ = ८.१९, ब = ५.१९. ब अजूनही ५ च्या वरच आहे, ०.०९ मिलिअ‍ॅम्प ७८०५ कडे जातोच, तेव्हा ते ४७० ओहम काढू नका.