बाईंची सही आणि अडलेला अर्ज : माझा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातील आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, लहान आहे. पाळकांना (पास्टरांना) आणखीही ठिकाणच्या उपासना सांभाळाव्या लागत असल्याने ते दर रविवारी येऊ शकत नाहीत, त्यामुळे उपदेश आणि घरभेटी करणारी माणसे आमच्यातूनच तयार व्हावी लागतात. मला तयार केले ते मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी. त्या मला घरभेटीला नेत, स्वतः गप्प बसून ऐकत आणि परतीच्या वाटेवर विचारत. भर पावसाळ्यात एका आजारी मावशींकडून निघाल्यावर त्या म्हणाल्या, "त्या सारखं कोणाचं नाव घेत होत्या?" "मुंबईच्या मुलाचं," मी म्हणाले. "मग पुढच्या वेळी आधी त्याची चौकशी कर, शास्त्र नंतर उघड." माझ्या उपदेशाच्या टिपणांवरही त्या समासात लिहीत, 'हे कोणासाठी?'

अडले ते मंडळीत उपदेश करण्याच्या लेखी परवानगीपाशी. अर्जात प्रशिक्षण संस्थेचे नाव, उपस्थितीची टक्केवारी आणि मिळालेले गुण असे रकाने होते. बाई दीक्षा झालेल्या पाळक नसल्यामुळे त्यांची सही प्रशिक्षक म्हणून धरता येणार नाही, असे कार्यालयात सांगण्यात आले. मी रकान्यात 'वैयक्तिक मार्गदर्शन' असे लिहून दिले, तर अर्ज परत आला. पुढे समितीची बैठक अतिवृष्टीमुळे लांबली, मग नाताळची धावपळ आली, आणि त्यानंतर पुन्हा गुणपत्रिका मागणारे तेच पत्र हाती पडले. याचा मला अजूनही राग येतो. सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाच्या, शिक्षणाची किंमत मी जाणते. परंतु येशूने बारा जणांना नेमले ते आधी त्यांनी आपल्याबरोबर असावे म्हणून आणि मग त्यांना घोषणा करण्यास पाठवावे म्हणून, हा क्रम बायबलमध्ये मार्क ३:१४ येथे स्पष्ट आहे, आणि पौलानेही आपल्याकडून ऐकलेले विश्वासू माणसांच्या हाती सोपवण्यास आपला तरुण सहकारी तीमथ्य याला सांगितले, म्हणजे त्यांनी ते इतरांना शिकवावे. मंडळीच्याच कार्यालयात या रीतीला एक रकाना नसावा, हे मला पटत नाही.

शेवटी पास्टरेट कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने, माझ्या तयारीविषयी ठराव केला, पाळकांनी बाईंच्या सहीखाली प्रतिस्वाक्षरी केली, आणि आमच्या भेटींची वही जोडल्यावर परवानगी मिळाली. म्हणून ठराव अर्जाच्या आधीच करून घ्यावा. वहीत तारीख, वाचलेला शास्त्रभाग आणि मार्गदर्शकांची सही पहिल्या भेटीपासून असावी; मात्र ज्या घरी गेलो तिथले आजारपण किंवा भांडण त्यात लिहू नये, कारण ती वही अनेकांच्या हातांतून जाते. आणि हो, अर्ज देताच आवक क्रमांक मागून घ्यावा. तो नसेल तर पुढच्या चौकशीला कोणी दाद देत नाही.

आता तरुण संघातील एक मुलगी माझ्यासोबत घरभेटीला येते. तिचा ठराव झालेला आहे. अर्जात वैयक्तिक मार्गदर्शनाचा रकाना घालावा, अशी लेखी विनंती मी पाळकांमार्फत पाठवली असून त्या विनंतीचे उत्तर यायचे आहे.