कार्डपेटी : मोनोपोलीच्या कार्डाला जागा मिळाली

मागच्या नोंदीतला तिढा सुटला! सुटे मुद्दे मी कागदी कार्डांवर लिहून पेटीत ठेवते, विषयांच्या क्रमांक दिलेल्या फांद्यांमध्ये. त्यात मोनोपोली या पटावरच्या खेळाचं कार्ड ४ मध्ये (ट्रेडमार्क) ठेवायचं, ११ मध्ये (जमीन आणि कर) की १७ मध्ये (खेळ), हे काही केल्या ठरत नव्हतं.

तिन्ही फांद्यांचा हक्क खरा होता. लिझी मॅगी यांनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं ते अमेरिकी अर्थविचारक हेन्री जॉर्ज यांचा विचार पटावर मांडण्यासाठी : जमिनीचं भाडं मूठभरांकडे साचतं, तर कर जमिनीच्या मोलावरच बसवा. खेळ हातोहात पसरला, लोकांनी घरीच पट रंगवले. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने चार्ल्स डॅरो यांच्याकडून, त्याच खेळातून आलेला, मोनोपोली घेतला आणि मॅगी यांचं पेटंटही ५०० डॉलरला विकत घेतलं. पुढे १९७३ मध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अन्स्पाख यांनी ‘अँटी-मोनोपोली’ बाजारात आणला आणि नावावरून खटला उभा राहिला. मॅगी यांचं काम पुन्हा उजेडात आलं ते त्या खटल्याच्या शोधाशोधीतून. ट्रेडमार्क शिकवताना हा भाग मी नेहमी सांगते, वर्ग जागा होतो.

तिन्ही ठिकाणी नकला ठेवून पाहिल्या. एकात भर घातली की उरलेल्या दोन शिळ्या होतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान यांच्या कार्डपेटीच्या पद्धतीने चालणारे सांगतील, कार्ड कुठेही ठेवा, दुसऱ्या कार्डाचा दुवा द्या. नव्वद हजारांच्या आसपास कार्डं सांभाळणाऱ्या लूमान यांचं म्हणणं मोडवत नाही. पण मी पेटी हाताने चाळते, आणि मला सुचतं ते शेजारच्या कार्डामुळे. ॲपमध्ये दुवे हवे तेवढे मिळतात, शेजार मिळत नाही. म्हणून कागद सोडायचा नाही, यावर मी ठाम आहे.

मग कार्डाचा विषय बाजूला ठेवला आणि विचारलं, हे कार्ड कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे? ‘अँटी-मोनोपोली’च्या खटल्यात १९८२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने पाहिलं होतं की गिऱ्हाईक हा खेळ घेतं कशासाठी. पाहणीत १०० पैकी ६५ जणांचं म्हणणं होतं की आम्हाला मोनोपोली खेळायचाय, बनवतो कोण याच्याशी फारसं देणंघेणं नाही. न्यायालयाने नाव सर्वसामान्य ठरवलं, म्हणजे एका कंपनीचा ट्रेडमार्क नव्हे, तर खेळाचंच नाव. १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदाच बदलला : गिऱ्हाइकाचा हेतू ही कसोटी नाही, लोकांच्या मनात त्या नावाचा मुख्य अर्थ काय ते पाहा.

म्हणजे हे कार्ड मुळात खरेदीच्या हेतूबद्दल आहे! ते २३ मध्ये जायला हवं, धंद्याच्या फांदीत, ‘लोक वस्तू का घेतात’ याच्या लगोलग. मॅगी ११ मध्ये, घरी रंगवलेले पट १७ मध्ये, खटला २३/५अ. तीन सुटी कार्डं, प्रत्येकावर एकच मुद्दा. २३/५अ आत सरकवलं तेव्हा फार समाधान वाटलं.

आता १७ आवरायला घेणार होते. पण हे लिहितानाच लक्षात येतंय की ४ मध्ये ट्रेडमार्कची नावं सर्वसामान्य ठरल्याचे खटले, ॲस्पिरिन (१९२१), सेलोफेन (१९३६), एस्कलेटर (१९५०), नुसते सनावळीने उभे आहेत. ॲस्पिरिनमध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी गिऱ्हाइकांचेच दोन गट पाडले : डॉक्टर-औषधविक्रेते वेगळे, सामान्य लोक वेगळे. तो प्रश्न ‘गिऱ्हाईक कोण?’ हा आहे. एस्कलेटरमध्ये तर ओटिस कंपनीच ते नाव सामान्य नाम म्हणून वापरत होती, तिथे प्रश्न ‘नाव सामान्य केलं कोणी?’ असा. तेव्हा १७ थांबेल, आधी ४ मोडून प्रश्नांनुसार लावते.

कार्डांबद्दल : जाड कार्डं यापुढे बंद. हाताला छान लागतात, पण पेटी बघता बघता भरते. साधा कागद कापून घेतलाय, क्रमांक पेन्सिलीने.

ॲस्पिरिनला २३/५ब देतेय. सेलोफेन मात्र अजून अधांतरी आहे. तुमच्या पेटीत ते कोणत्या प्रश्नाखाली बसलंय, नक्की कळवा.