आमची वाटचाल : एका पैशाचा फरक

इंदूरच्या रामबागेत दोन खोल्यांत आमचं ऑफिस आहे. आम्ही सहा जण व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. बहुतेक ग्राहक सियागंज या घाऊक बाजारातले, म्हणजे मसाले, चहा, सुकामेवा, नमकीन. सुरुवात मी आणि माझ्या पत्नीनं केली. कोड मी लिहायचो, दुकानात बसून तो शिकवायचं काम तिचं.

तेव्हा सगळा कोड एका फोल्डरमध्ये असायचा. बदल करण्याआधी त्याची कॉपी काढायची आणि नावापुढे तारीख टाकायची, एवढीच शिस्त. ३० जून २०१७ च्या रात्री, जीएसटी लागू व्हायच्या आदल्या रात्री, मी आणि आमचा पहिला सहकारी दोन संगणकांवर काम करत होतो. पहाटे फायली एकत्र करताना त्याचं काम माझ्या फायलींखाली पुसलं गेलं. सकाळी पेनड्राइव्ह घेऊन सियागंजभर फिरलो, दुपारी पुन्हा तीच फेरी. एका पेढीसमोर माल भरून गाडी उभी होती आणि बिल निघत नव्हतं. मालक काही बोलले नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं.

त्याच महिन्यात आम्ही गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, वापरायला लागलो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी ते लिहिलं. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली ते दिसू लागलं आणि कुणाचं काम कुणाखाली पुसलं जाण्याची भीती गेली. मला वाटलं, प्रश्न सुटला.

मग एके दिवशी एका पेढीच्या मुनीमजींचा फोन आला. "दादा, माल परत घेतला, नोंद केली, तरी खात्यात एक पैसा उरतो. तो कुणाचा?"

झालं होतं असं. १९९ रुपये ८० पैशांच्या मसाल्यावर ५ टक्के कर म्हणजे ९ रुपये ९९ पैसे. पण राज्यातल्या विक्रीत हा कर केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा दाखवावा लागतो. प्रत्येकी ४.९९५ येतात, ते ५ रुपये होतात आणि बेरीज १० रुपये. आमच्या एका सहकाऱ्यानं बिलात हे निम्म्या-निम्म्यानं धरायची दुरुस्ती केली. त्याच आठवड्यात दुसऱ्या सहकारिणीनं माल-परतीचं काम जुन्या, एकत्रित हिशोबावर बेतलं. दोघांच्या फायली वेगळ्या, त्यामुळे गिटला तंटा दिसला नाही. दोघांच्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या आपापल्या वेगळ्या प्रतीवर, सगळ्या टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्राम) पास. चूक जन्मली ती दोन्ही मर्ज, म्हणजे एकत्र, झाल्यावर (बिलात कर १० रुपये, परतीत ९.९९), आणि त्या एकत्र कोडवर कुणी टेस्ट चालवलीच नव्हती.

त्या एका पैशानं आमची कामाची पद्धत बदलली. आता मुख्य ब्रँचवर कुणीच थेट पुश करत नाही, म्हणजे आपले बदल परस्पर पाठवत नाही. सर्व्हरवर प्री-रिसीव्ह हुक (बदल स्वीकारण्याआधी आपोआप चालणारी तपासणी) बसवला आहे, तो असा पुश तिथंच नाकारतो. आधी आम्ही प्रत्येकाच्या संगणकावरच्या प्री-कमिट हुकवर (बदल नोंदवण्याआधीच्या तपासणीवर) विसंबलो होतो, पण कमांडमध्ये 'नो-व्हेरिफाय' लिहिलं की तो गप्प बसतो. घाईत आम्ही सगळ्यांनीच ते लिहिलं आहे.

बदल आधी स्वतःच्या ब्रँचवर तपासला जातो, मग दुसरा कुणीतरी तो वाचतो आणि मग तो रांगेत लागतो. रांगेतल्या पहिल्या बदलाचा नंबर आला की सर्व्हर त्या क्षणीच्या मुख्य ब्रँचवर तो तात्पुरता मर्ज करतो आणि त्या मर्ज झालेल्या कोडवर पुन्हा सगळ्या टेस्ट चालवतो. पास झालं तर मुख्य ब्रँच नेमकी तिथं सरकते, नापास झालं तर बदल ज्यानं केला त्याच्याकडे परत. हे काही आमचं डोकं नव्हे. रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा सुरू करणारे ग्रेडन होअर यांनी हा नियम मांडला, रस्टच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, बॉर्स नावाचा बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) हेच करत आला, आणि ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरच्या प्रकल्पानं त्यासाठी झूल नावाचं सॉफ्टवेअर बनवलं. एवढ्या मोठ्या प्रकल्पांची पद्धत सहा जणांना कशाला, असं मला वाटायचं. आता वाटत नाही. ग्राहक फोनवर ताटकळत असला तरी रांग मोडायची नाही, मलाही वेगळं दार नाही. तोवर त्या दुकानाला कालची आवृत्ती परत द्यायची, म्हणजे त्याचं काम थांबत नाही.

पुढचा टप्पा माझ्या पत्नीचा. स्टेजिंगच्या, म्हणजे ग्राहकाकडे जाण्याआधी आवृत्ती वापरून बघायच्या, संगणकावर एक खोटं दुकान आहे. ती तिथं दुकानदारासारखी बिलं फाडते. अर्ध्यात माल बदलते, चुकीचा दर टाकते, प्रिंटरमधला कागद संपवते. आमच्या टेस्टना न सापडलेलं बरंच काही तिला सापडलं आहे. मग नवी आवृत्ती एकाच दुकानात जाते, त्याच मुनीमजींच्या, त्यांच्या संमतीनं. दोन दिवसांनी बाकीच्यांकडे.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेनं नवे दर जाहीर केले. ते २२ सप्टेंबरपासून, नेमके घटस्थापनेच्या दिवशी लागू होणार होते. बदाम, पिस्ते आणि पाकीटबंद नमकीन १२ वरून ५ टक्क्यांवर येणार होतं. आम्ही दर तारखेनुसार ठेवले. आधीच्या बिलातला माल २२ नंतर परत आला तर कर मूळ बिलाच्याच दरानं वजा व्हायला हवा, याची टेस्ट सगळ्यांत आधी लिहिली. २१ च्या रात्री ऑफिसला कुलूप होतं. सकाळी घरी घट बसले आणि साडेअकराच्या सुमारास मुनीमजींनी दोन कागदांचे फोटो पाठवले. एक नवं बिल ५ टक्क्यांचं, एक जुन्या बदामांची परती १२ टक्क्यांची. खाली लिहिलं होतं, "पैसा न् पैसा जुळला."

अजून काही दुकानांत इंटरनेट नीट नाही, तिथं पेनड्राइव्हच चालतो. तिकडची आवृत्ती रांगेतून पास झालेलीच आहे हे दुकानातल्या संगणकाला स्वतः ओळखता यावं, यावर सध्या आम्ही काम करतो आहोत.