आमची वाटचाल : फाउंड्रीच्या पॅटर्नपासून सर्फबोर्डच्या फिनपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं आमचं दुकान वडिलांनी काढलं ते फाउंड्रीच्या लाकडी पॅटर्नसाठी, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात त्या नमुन्यांसाठी. बिडाचं कास्टिंग थंड होताना मीटरला साधारण १० मिलीमीटर आकसतं, तेवढा पॅटर्न मोठा धरायचा, हे बाळकडू तिथलंच. पुढं सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न निघू लागले आणि रंध्याचं काम आटलं.

अशात रत्नागिरीचा एक पोरगा कागदावर फिनचा, म्हणजे सर्फबोर्डच्या खाली मागं बसणाऱ्या पात्याचा, आकार काढून घेऊन आला. घरच्या घरी ‘फिश’ सर्फबोर्ड बनवत होता. आम्हा कोल्हापूरकरांना पाणी म्हणजे पंचगंगेचा पूर; लाटेवर उभं राहायचं म्हटल्यावर दुकानात हशाच पिकला. पण ड्रॉइंग आमच्या हातातलं होतं.

हा ‘फिश’ बोर्ड १९६७ च्या सुमारास सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिसनं केला, तोही गुडघ्यावर बसून लाटा घेण्यासाठी. आखूड, रुंद, शेपटी माशासारखी दुभंगलेली आणि दोन्ही टोकांना एकेक कील फिन. या फिनचं बूड, म्हणजे बोर्डाला टेकणारी बाजू, लांब, उंची बेताची. आम्ही बूड २२ सेंटिमीटरच्या आसपास धरतो, उंची १३-१४. लांब बुडामुळं बोर्ड सरळ सुसाट पळतो, वळायला मात्र कुरकुरतो. चटकन वळणारा हवा असेल तर मागची कड आत घेतो, उंचीला हात लावत नाही.

लोक साग मागतात. आमचं मत प्लायला, तेही सातशे दहा नंबरच्या (आयएस ७१०) मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या, प्लायला. फिनची आतली बाजू सपाट, बाहेरची फुगीर. सगळ्यात जास्त जाडी पुढच्या कडेपासून तिसऱ्या हिश्श्यावर. घासत गेलं की प्लायचे थर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे उघडे पडतात. रेषा एका लयीत वळल्या तर गोलाई साधली. एखादी मध्येच आत शिरली तर तिथं हात जास्त पडलाय. डावा-उजवा शेजारी ठेवायचा, रेषा आरशातल्यासारख्या जुळल्या पाहिजेत. जाडी मोजायचा कॅलिपर त्यानंतर.

मग फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी रेझिन. कापड कडेबाहेर थोडं सोडतो, म्हणजे लाकडाभोवती रेझिनची किनार बसते. किनार नसेल तर ठोकर लागली की लाकूड उघडं पडतं, आत पाणी मुरतं आणि प्लाय फुगतो. मागची कड ओबडधोबड राहिली तर फिन पाण्यात गुणगुणतो, काहींना ते आवडतंही!

पोट अजून पॅटर्नवरच आहे. फिन जोडीनंच विकतो. एखादा मोडला तर उरलेल्याचा कागदावर छाप आणि जाडीची मापं पाठवा, जोडीदार काढून देतो.