डोंगलची सोंगे

लिनक्सच्या संगणकाला सिम घालून मोबाइलच्या जाळ्यावरून इंटरनेट देणारा यूएसबी मोडेम जोडला की पुष्कळदा पडद्यावर एक सीडी अवतरते. बोटाएवढ्या त्या वस्तूत तबकडी फिरायला जागा कुठून असणार, ही शंका संगणकाला येत नाही. समोरचे उपकरण स्वतःची जी ओळख सांगेल तिच्यावर विश्वास ठेवणे हा यूएसबीचा शिरस्ता आहे. म्हणून तो इमानेइतबारे सीडीचे चिन्ह दाखवतो, आणि उघडून पाहावे तर आत विंडोजसाठी लिहिलेले ड्रायव्हर आणि सेटअपची फाइल. ज्याला आपण सरसकट डोंगल म्हणतो त्याच्याशी लिनक्सवाल्याची ओळख अशी सोंगापासून सुरू होते. हे उपकरण समजून घ्यायचे तर त्याची सोंगे एकेक करून ओळखत जावे, यापेक्षा रंजक मार्ग मला तरी माहीत नाही.

सीडीच्या सोंगामागची निर्मात्यांची अडचण खरी होती. इंटरनेटवर जाण्यासाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर मिळवण्यासाठी इंटरनेट हवे, हा तिढा त्यांनी ड्रायव्हर मोडेमच्याच पोटात ठेवून सोडवला. विंडोजवर ते सॉफ्टवेअर बसले की ते मोडेमला एक ठरावीक संदेश पाठवते, मोडेम क्षणभर यूएसबीवरून नाहीसा होतो आणि लगेच मोडेम म्हणून परत येतो. गंमत अशी की लिनक्सला या सोयीची गरजच नव्हती. अशा मोडेमांसाठी लागणारा ‘ऑप्शन’ नावाचा ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच, येतो. पण दारात सीडी उभी असल्यामुळे त्याला कोणी हाक मारत नाही. एका पाहुण्याच्या सोयीसाठी घेतलेले सोंग दुसऱ्याला दारातच अडवते.

हे सोंग उतरवण्याचे काम यूएसबी-मोडस्विच हा छोटा प्रोग्राम करतो. काही मोडेमांना सीडी बाहेर काढण्याची नेहमीची आज्ञा दिली तरी पुरते. सीडीच मुळात नसल्यामुळे त्या आज्ञेचा अर्थ ते ‘आता रूप बदल’ असा घेतात. काहींना मात्र त्यांचा स्वतःचा परवलीचा संदेश लागतो. साठवणीच्या उपकरणांशी बोलण्याच्या यूएसबी पद्धतीतली प्रत्येक आज्ञा ३१ बाइटच्या वेष्टनातून जाते, आणि हा संदेशही बहुधा तसाच असतो. त्याच्या सुरुवातीची ५५ ५३ ४२ ४३ ही चौकडी म्हणजे त्या वेष्टनाची खूण. जोसुआ डीट्झ यांनी हा प्रोग्राम लिहिला. यातले कित्येक संदेश कोणत्याही पुस्तिकेत छापलेले नव्हते. विंडोजवर मोडेम आणि त्याचे सॉफ्टवेअर यांच्यातले बोलणे टिपून घेऊन लोकांनी ते शोधून काढले. एलएसयूएसबी ही जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा आधी आणि नंतर चालवली तर रूपांतराचा पुरावा मिळतो. हुआवेईच्या अनेक मोडेमांत १२डी१ हा कंपनीचा क्रमांक तोच राहतो आणि पुढचा १४४६ बदलून, उदाहरणार्थ, १००१ होतो.

सीडी गेली म्हणून सोंगे संपत नाहीत. आता डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, ओळी दिसतात त्या टीटीवाययूएसबी०, १ आणि २ अशा नावांच्या, म्हणजे सीरियल पोर्टच्या. आरएस-२३२ हे सीरियल जोडणीचे मानक १९६० सालचे. त्या जाड केबल आणि स्क्रूने आवळायचे ते कनेक्टर आता क्वचितच दिसतात, पण मोबाइलचा मोडेम तेच पोर्ट असल्याचे भासवतो, आणि एक नव्हे, तीन-तीन. त्यांतल्या एकावरून आकडेजोडणी, म्हणजे डायलिंग, व्हायची, दुसऱ्यावर सिग्नलची खबर यायची, तिसरे निदानासाठी राखीव, अशी साधारण वाटणी असते. जुन्या पद्धतीने जोडणी करणारे वीव्हीडायल आपल्या फाइलीत वेगाचा म्हणून ४६०८०० असा भारदस्त आकडा लिहून घेते. पण मधे खरी सीरियल तार नसल्यामुळे त्या आकड्याने सहसा काहीही बिघडत नाही आणि काहीही सुधारत नाही.

या पोर्टवर बोलायची भाषा तर आणखी मजेची आहे. हेज कंपनीने १९८१ साली स्मार्टमोडेम आणला आणि साध्या टेलिफोनच्या तारेवरून नंबर फिरवण्यासाठी ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञा रूढ केल्या. त्या मोडेमचा वेग सेकंदाला ३०० बिट होता. त्याच्या लाखो पटींनी माहिती वाहणारा मोबाइल मोडेमही एटीझेड म्हटले की पूर्वस्थितीवर येऊन ‘ओके’ म्हणतो. एटी+सीजीडीसीओएनटी या आज्ञेने त्याला एपीएन, म्हणजे कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराचे नाव, सांगायचे आणि मग *९९# हा नंबर फिरवायचा. या नंबरावर कोणीही माणूस किंवा यंत्र फोन उचलत नाही. डेटाची जोडणी सुरू कर, एवढीच ती खूण. तरी उत्तर ‘कनेक्ट’ असेच येते, आणि मग १९९४ च्या मानकाप्रमाणे पीपीपी हा जुना शिष्टाचार पाळून आयपी पत्ता ठरवला जातो. वीव्हीडायल वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड मागते, दोन्ही कोरे ठेवलेले त्याला खपत नाही. बऱ्याच कंपन्यांचे जाळे मात्र ग्राहकाला सिमवरून ओळखते, त्यामुळे तिथे मनाला येईल ते लिहिले तरी चालते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग मात्र आणता येत नाही, हे इथेही लागू आहे: डेटा पॅक संपलेला असेल तर यातल्या सगळ्या पायऱ्या सुरळीत पार पडूनही एकही पान उघडत नाही, आणि माणूस उगाच लिनक्सच्या फाइली उकरत बसतो.

लिनक्सच्या नव्या वितरणांत यातले काहीही हाताने करावे लागत नाही. मोडेममॅनेजर मोडेमशी बोलतो, नेटवर्कमॅनेजर देश आणि कंपनी विचारून एपीएन आपल्याच यादीतून काढतो, सिमचा पिन असेल तर तोही मागतो. पिन तीनदा चुकला की सिम बंद होऊन पीयूकेची, म्हणजे ते पुन्हा उघडणाऱ्या क्रमांकाची, वेळ येते, म्हणून तेवढे लक्ष द्यावे. मोडेममॅनेजरचा उत्साह मात्र कधीकधी नको तिथे उतू जातो. सीरियल पोर्टसारखे काहीही जोडले की ‘आपण मोडेम का?’ असे त्याला विचारून पाहण्याची सवय त्याला होती, आणि आर्डुइनोसारख्या छोट्या प्रोग्राम करायच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर काम करणाऱ्यांनी त्यावरून त्याला पुष्कळ बोल लावले आहेत.

अलीकडच्या कित्येक डोंगलनी सीरियल पोर्टही टाकून दिला आणि नेटवर्क कार्डाचे सोंग घेतले. हुआवेईच्या हायलिंक प्रकारात डोंगल स्वतःच छोटा राउटर होतो, आकडेजोडणी आतल्या आत उरकतो, आणि आपण ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडून त्याची विचारपूस करायची. लिनक्सला हे सोयीचे आहे यात वाद नाही. रूप बदलले की बहुधा काही न करता जोडणी होते. पण मला ते तितके आवडत नाही. संगणकाला वाटते की आपण कुठल्याशा तारेला जोडलेलो आहोत; सिग्नल, सिम, आलेले एसएमएस यांची थेट खबर त्याला राहत नाही, आणि काही अडले तर विचारायचे ते डोंगलच्या पानाला, जे त्याला दाखवायचे तेवढेच दाखवते.

जुन्या प्रकारात प्रश्न सरळ मोडेमला करता येतो. मिनिकॉम हा सीरियल पोर्टशी बोलण्याचा प्रोग्राम उघडून एटी+सीएसक्यू असे लिहिले की सिग्नलचा आकडा मिळतो. ० म्हणजे उणे ११३ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचे एकक) किंवा त्याहून कमी, ३१ म्हणजे उणे ५१ किंवा त्याहून जास्त, आणि मधली प्रत्येक पायरी दोनाची. ९९ आले तर त्याचा अर्थ सिग्नल किती ते मोडेमलाच ठाऊक नाही, किंवा मोजता येत नाही. एवढे तो प्रांजळपणे कबूल करतो. अशा वेळी यूएसबीची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल खिडकीपाशी न्यावा आणि तीच आज्ञा पुन्हा द्यावी. फक्त केबल फार लांब घेऊ नये, कारण लांब तारेत विजेचा दाब घटतो; त्यातच यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच मिळायची हमी असते, आणि दुबळ्या सिग्नलशी झगडणाऱ्या मोडेमची भूक नेमकी तेव्हाच वाढलेली असते.