शिफारस करा, पण पान क्रमांकासकट

‘हे पुस्तक खूप छान आहे, सर्वांनी जरूर वाचा.’ शाळेच्या वाचनालयात अशा चिठ्ठ्या ढिगाने सापडतात, आणि त्या वाचून कुणी पुस्तक उचलत नाही. छान कुणाला वाटलं, कशामुळे वाटलं, हेच त्यात नसतं.

कामाची चिठ्ठी पंचवीस-तीस शब्दांची. ७ बाय १० सेंटिमीटरचा जाड कागद पुरतो; मोठा दिला की मुलं अख्खी गोष्टच सांगून टाकतात. हे कुणाला आवडेल, कुठल्या पानापासून रंगतं आणि कुठे कंटाळा येतो, एवढंच लिहायचं. ‘भुताखेतांच्या गोष्टी आवडत असतील तर घ्या. पहिली १२ पानं रटाळ आहेत, १३व्या पानावर विहीर येते, मग सोडवत नाही.’ दोष आधीच कबूल केला की कौतुकावर विश्वास बसतो. ‘छान’, ‘मस्त’ आणि ‘बोधप्रद’ या शब्दांना बंदी घालून पाहा. खाली इयत्ता लिहायला सांगा. सहावीत सातवीच्या मुलाचा शब्द जेवढा चालतो, तेवढा शिक्षकांचा चालत नाही. वाईट वाटून घेऊ नये.

चिठ्ठी कुठल्या पुस्तकाला लावायची? ज्यासाठी आधीच रांग आहे, त्याला तर नकोच. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांपैकी तिसरं म्हणतं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. तेव्हा देवघेवीची नोंदवही उघडा, वर्षभर न हललेली पुस्तकं काढा आणि वाचणाऱ्या मुलांना ती चाळायला द्या. आवडलेल्यांवरच चिठ्ठी लिहायची, सक्तीने नाही. महिनाभर चिठ्ठी लावूनही पुस्तक गेलं नाही, तर मजकूर बदला. तरीही नाहीच गेलं, तर पुस्तकाकडे नीट पाहा: अक्षर बारीक असेल, मुखपृष्ठ निघालं असेल किंवा ते भलत्याच वयोगटाच्या कपाटात पडलं असेल.

अशी पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून ठेवावीत, एका वेळी दहा-बाराच. प्रत्येक फळीला चिठ्ठ्या लटकवल्या की नजर कशावरच ठरत नाही. खरा घोळ वेगळाच होतो: पुस्तक घरी जातं आणि चिठ्ठी फळीवरच राहते. दोन-तीनदा हात हलवत परतलेलं मूल पुन्हा चिठ्ठी वाचत नाही. म्हणून चिठ्ठीमागे पुस्तकाचा दाखल क्रमांक (वाचनालयाच्या नोंदीतला) लिहा, पुस्तक देताना ती काढून घ्या आणि विचारणाऱ्याचं नाव मागणीच्या वहीत टिपा.

चिठ्ठ्यांच्या जोडीला पुस्तकांवर गप्पा मारणारं वाचन मंडळ काढलंत, तर त्यात आठ ते दहा मुलं पुरेत. पंधरा झाली की तिघंच बोलतात. बहुतेक ठिकाणी मंडळ बंद पडतं ते प्रती कमी पडल्यामुळे, कारण एका पुस्तकाच्या दहा प्रती कुणाकडे असतात! मग पुस्तक एकच कशाला? विषय एक ठरवा, समजा ‘हरवणं’, आणि प्रत्येकाने आपलं पुस्तक निवडावं. किंवा छोटी कथा मोठ्याने वाचावी. दीडेक हजार शब्द पंधरा मिनिटांत होतात. चाळीस मिनिटांच्या तासात गप्पांना वीस मिनिटं उरतात, शेवटची पाच पुस्तकं बदलायला.

‘यातून काय बोध घेतला?’ हा प्रश्न विचारला की तास संपलाच, मुलं ठरलेली उत्तरं देतात. त्याऐवजी विचारा, कुणाचं वागणं पटलं नाही? कुठलं पान पुन्हा वाचलंत? पुस्तक अर्धवट सोडायची मुभाही आधीच द्या. मात्र कुठे सोडलं आणि का, ते सांगायचं. यावर वाद हमखास रंगतो.

‘सर्वाधिक पुस्तकं वाचणारा’ स्पर्धा मात्र टाळा. पातळ पुस्तकं रातोरात गायब होतात, जाडी तिथल्या तिथे, आणि सावकाश वाचणारं मूल पहिल्याच आठवड्यात नाव काढून घेतं.