श्वासाचा सायकल टाइम

चाकणच्या एका कारखान्यात मी मशीन शॉपचा सुपरवायझर आहे. शिफ्ट दर आठवड्याला बदलते: फर्स्ट, सेकंड, नाइट. घर निगडीत. बायको, सहावीतला मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि आई असं पाच जणांचं बिऱ्हाड. कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीपी १४०/९० निघालं. डॉक्टर म्हणाले, गोळीचं नंतर बघू, आधी मीठ कमी करा, रोज चाला आणि जरा टेन्शन कमी घ्या. आता टेन्शन काय मी ऑर्डर देऊन मागवतो? लाइन बंद पडली की फोन मला, लाइन चालू असून रिजेक्शन वाढलं तरी फोन मलाच. तळेगाव-चाकण रस्त्यावर बस अडकली की घरून फोन, "अहो, कुठे आहात? याची ट्यूशनची फी आजच भरायचीय."

योगासनांचं नाव मी ऐकलं नव्हतं असं नाही. दरवर्षी २१ जूनला कंपनीत योग दिन होतो. पांढरे टी-शर्ट वाटतात, चटया अंथरतात, फोटो निघतात आणि दुपारी तीच लाइन, तेच फोन. सोसायटीजवळ सकाळी सहाचा वर्गही आहे. पण फर्स्ट शिफ्टला सहा वाजता मी बसमध्ये असतो, नाइटला कंपनीत आणि सेकंडला रात्री साडेबाराला घरी येऊन नुकता झोपलेला. मोबाइलवरचं ध्यानाचं ॲपही लावून पाहिलं. एक बाई मधाळ आवाजात "समुद्रकिनाऱ्याची कल्पना करा" म्हणत होत्या आणि मध्येच कंपनीच्या ग्रुपवर मेसेज टिंगटिंगत होते.

फरक पडला तो प्राधिकरणातल्या बागेत भेटलेल्या एका निवृत्त शिक्षकांमुळे. ते लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकलेले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ती संस्था काढली आणि प्राणायाम करताना शरीरात काय होतं ते उपकरणं लावून मोजायला घेतलं. मोजणं म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी वेळेचं रडगाणं गायलो तेव्हा सरांनी एकच विचारलं, "तिन्ही शिफ्टमध्ये हमखास येणारी गोष्ट कोणती?"

बस. जाताना एकदा, येताना एकदा.

मग त्यांनी सांगितलं ते इतकंच: नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. रोखायचा नाही, ओढूनताणून भरायचा नाही. चार आणि सहा मिळून दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. मशीनवर एक नग व्हायला लागणारा वेळ म्हणजे आमचा सायकल टाइम. माझ्या डोक्यात लगेच बसलं, श्वासाचा सायकल टाइम दहा सेकंद! स्वस्थ बसलेला माणूस एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. बसमध्ये घड्याळ लावून माझे मोजले तर विसाच्याही वर गेले.

सोडणं लांब का, हे मी सरांना तीनदा विचारलं असेल. ते म्हणाले, मनगटावर बोटं ठेवा आणि स्वतःच बघा. खरोखरच श्वास घेताना नाडी जराशी भरभर चालते, सोडताना मंदावते. मेंदूपासून हृदयापर्यंत येणारी व्हेगस नावाची नस आहे, ती उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला सावकाश घ्यायला लावते. सोडणं लांबवलं की ती सावकाशीची वेळ वाढते. मला यात पटण्यासारखं काय होतं, तर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नव्हती, नाडी माझ्याच हाताला लागत होती.

सुरुवातीला सहापर्यंत सोडताना दम कोंडायचा. सरांनी आकडे उतरवून तीन आणि चार केले, मग हळूहळू वाढवले. उत्साहाच्या भरात एकदा मी मोठमोठे भराभर श्वास घेतले तर बोटांना मुंग्या आल्या आणि गरगरलं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड एकदम कमी झाला की असं होतं. घाबरायचं कारण नसतं, पण ते आपलं काम नव्हे. बीपीवाल्याने कपालभाती, भस्त्रिका असे जोराच्या श्वासाचे प्रकार आणि श्वास रोखून धरणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, हेही सरांनी बजावलं. आणि हो, मी बसमध्ये डोळे मिटतो कारण चालवणारा दुसरा आहे. बाइकवर हे प्रकार नकोत.

ध्यानाचा भाग मात्र रटाळ निघाला, लपवत नाही. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, एक ते दहा, मग पुन्हा एक. माझी मजल चारपर्यंत. पाचव्याला मी मनाने स्पिंडलच्या बेअरिंगपाशी किंवा मुलाच्या स्कॉलरशिप परीक्षेपाशी पोचलेलो असायचो. सर म्हणाले, "मग एकपासून सुरू करा, त्यात काय?" पुढेही ते कधी याहून जास्त बोलले नाहीत. आजही दहा गाठणं माझ्या नशिबी क्वचितच येतं.

खरी अडचण बसमधून उतरल्यावरची. बसस्टॉप ते घर चालायला दहा मिनिटं आणि तेवढ्यात दोन फोन येऊन आधीचं सगळं पुसून जायचं. म्हणून आता जिन्यात, आमच्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर थांबतो. नाकाने श्वास घेतो, तो भरत आला की वर आणखी एक छोटा घेतो आणि मग तोंडाने सावकाश सगळा सोडतो. असे चार-पाच. लहान मूल रडून रडून थकल्यावर असाच दुहेरी श्वास घेऊन शांत होतं; शरीराला तो उपजत येतो आणि त्याने फुप्फुसातल्या मिटलेल्या बारीक पिशव्या उघडतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये रोज पाच मिनिटं महिनाभर हा प्रकार करून घेतला, तेव्हा नुसत्या ध्यानापेक्षा त्याने मन जास्त प्रसन्न राहिल्याचं आढळलं. शेजारच्या काकूंनी मला जिन्यात सुस्कारे टाकताना पाहून बायकोकडे चौकशी केली, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून!

आईला मी हे सगळं रंगवून सांगितलं. ती तुळशीची माळ ओढत होती. म्हणाली, "आम्ही एवढी वर्षं रामकृष्णहरी म्हणतो ते काय वेगळं करतो रे?" मी हसलो, पण नंतर वाचलं ते तिच्या बाजूचं निघालं. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला होता. लॅटिनमध्ये जपमाळेची प्रार्थना म्हणणाऱ्यांचा आणि 'ओम मणि पद्मे' हा मंत्र म्हणणाऱ्यांचा, दोन्हींचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला होता. आईने ही बातमी शांतपणे ऐकली आणि मला भाजी आणायला पाठवलं.

मुलीसोबत भ्रामरी करतो. ओठ मिटून गुणगुणत श्वास सोडायचा. आवाज काढायचा तर सोडणं आपोआप लांबतं, मोजायची गरज नाही. तिच्या लेखी हा भुंग्याचा खेळ आहे आणि जास्त वेळ गुणगुणणारा जिंकतो. मुलगा या भानगडीत पडत नाही. मात्र मी गणित शिकवायला बसलो आणि आवाज चढू लागला की तोच म्हणतो, "बाबा, जिन्यात जाऊन या."

नाइट शिफ्टचा आठवडा वेगळा. दिवसा झोपायचं तर कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी, बेल. पाठीवर पडून एक हात पोटावर ठेवतो, श्वासाबरोबर हात वर जातो की नाही एवढंच बघतो. कधी झोप लागते, कधी नुसतं पडून राहणं होतं. ऑडिटच्या आठवड्यात यातलं काहीच होत नाही. बीपी पूर्वीपेक्षा बरं आहे, पण त्यात मिठाचा आणि चालण्याचा वाटा किती नि श्वासाचा किती, ते मी सांगू शकत नाही. डॉक्टरांनी उद्या गोळी लिहून दिली तर मी घेणार आहे.

आमच्या लाइनवरच्या एका ऑपरेटरला नुकतं बाळ झालंय. रात्रभर जागून येतो, डोळे लाल. त्याला म्हटलं, बसून वगैरे करू नकोस, बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारतोस ना, तेव्हाच श्वास लांब सोडत जा. चार दिवसांनी म्हणाला, "सर, बाळ झोपतंय, पण खाली ठेवलं की उठतंय." त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता, मी त्याला आईचा नंबर दिला.